राबाचा सदरा

यंदा उदबत्ती लावायच्या आधीच मागच्या बाकावरून एक हात वर आला. मी आठवीच्या वर्गावर होते. परीक्षेआधीची उजळणी चालली होती, धडा द्रव्याच्या कणांचा. या धड्याला माझा दरवर्षीचा ठरलेला प्रयोग असतो. कोपऱ्यात उदबत्ती लावायची आणि वास ज्याच्यापर्यंत पोचेल त्याने हात वर करायचा. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत हात वर होत जातात, आणि डोळ्यांना न दिसणारे कण हवेतून कसे पसरतात ते मुलांना निदान हातांवरून तरी दिसतं. पण काडी अजून पेटीतच होती. अजून लावली कुठे, असं मी त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, उदबत्ती नाय. राब पेटलाय कुठंतरी."

खिडकीतून खरंच धुराचा वास येत होता. करपट, थोडा गोडसर, आत कुठेतरी शेणाचा. सगळ्या वर्गाने नाकं वर केली. मग त्या मुलीने दुसरा प्रश्न काढला. वास येतो म्हणजे कण नाकात येतात असं मी आत्ताच सांगितलं, तर मग राबाचा वास आला म्हणजे राबच नाकात आला का? मी हो म्हटलं. थोडासा राब, पण राबच. त्यावर खिडकीजवळच्या एका महाशयांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की गोठ्याचा वास आला तर मग काय समजायचं. वर्गात हशा फुटला. मीही हसले. मग फळ्याकडे वळले, उगाचच तारीख पुसली आणि तीच परत लिहिली.

या धड्याचा मला राग येतो. वीसेक वर्षं शिकवते आहे, तोंडपाठ आहे. सगळे पदार्थ कणांचे बनलेले असतात, कणांमध्ये मोकळी जागा असते, कण सतत हलत असतात. स्थायूमधले जागच्या जागी थरथरतात, द्रवातले एकमेकांवरून घसरतात, वायूतले वाट फुटेल तिकडे जातात. पाण्याला आकार नसतो, ते भांड्याचा आकार घेतं, हे वाक्य आलं की मुलं मान डोलावतात. आमच्याकडचं पाणी भातसाच्या धरणातून पाइपाचा आकार घेऊन मुंबईला जातं आणि चैत्रात आम्ही टँकरची वाट बघतो, पण ते पुस्तकात नाही, म्हणून परीक्षेला येत नाही. राग त्याचाही नाही. राग आहे तो वासाच्या परिच्छेदाचा. वास ही एखाद्या वस्तूची खबर असते, असं मी मोठी होईपर्यंत समजत होते. फुलाने पाठवलेला निरोप, फूल आपलं जागच्या जागी. धडा सांगतो की निरोप वगैरे काही नसतो. फूलच येतं. जेवढा वास घ्याल तेवढं फूल कमी होतं.

ज्यांनी राब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथे टाकायचं तो वाफा पावसाळ्याआधी भाजून घ्यायचा, ही आमच्या शहापूर-मुरबाडकडची जुनी रीत. थंडीत ऐनाच्या झाडावर चढून पानाफांद्यांचा टहाळ तोडायचा आणि वाळू द्यायचा. होळीच्या सुमाराला वाफ्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर टहाळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर. वारा जिकडे जात असेल त्या टोकाला पेटवायचं. मग आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत येते, भडकत नाही, आणि खालची जमीन नीट भाजली जाते. पेटवणं सोपं, सांभाळणं अवघड. हातात ओली फांदी घेऊन धुरात उभं राहायचं आणि आग बांध ओलांडत नाही ना ते बघायचं. माझा बा या कामात मुरलेला होता. दुसऱ्यांचे राबही त्याला विचारून पेटत.

या कामासाठी त्याचा एक सदरा वेगळा होता. मूळचा पांढरा असावा. होळीनंतर तो खुंटीवर यायचा आणि शेवटचा वाफा भाजून होईपर्यंत त्याला पाणी लागायचं नाही, कारण आज धुतला तरी उद्या तेच. आई कुरकुर करायची, की तो निदान घरात तरी आणू नका. बा म्हणायचा, सदऱ्याला काय पाय आहेत, मी आत आलो की तो येतो. त्या सदऱ्याला धुराचा वास होता, घामाचा होता, शेणाचा होता, खिशातल्या चुन्याच्या डबीचा आणि तंबाखूचा होता. पण हे मी आत्ता सुटं सुटं करून सांगते आहे. तेव्हा तो एकच वास होता आणि त्याचं नाव बा असं होतं.

बा गेला तोही याच दिवसांत. सकाळी उठलाच नाही. एक वाफा भाजून झालेला, दुसऱ्यावर टहाळ पसरून ठेवलेला. मी शहापूरहून पोचले तेव्हा सदरा खुंटीवर होता आणि बा खाली चटईवर होता. बायका रडत होत्या आणि मी त्या खुंटीकडे बघत होते. माणूस इकडे आणि त्याचा वास तिकडे, अशी वाटणी मी आधी कधी पाहिली नव्हती.

गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. काही त्याच्याबरोबर जातात, उरलेले दहाव्याला नदीवर नेऊन टाकतात. भावकीतल्या बायकांनी गाठोडं बांधून नेलं. धोतरं, टोपी, कांबळ, सगळं गेलं. राबाच्या सदऱ्याची आठवण कुणालाच झाली नाही, कारण तो कपड्यांत मोजावा असा कपडाच नव्हता. आईने तो आधीच काढून घट्ट झाकणाच्या एका पत्र्याच्या डब्यात घातला होता आणि डबा भाताच्या कणगीमागे सरकवला होता. मला हे कळलं पावसाळा संपल्यावर.

माझी शाळा किन्हवलीकडे आणि माहेर शेणव्यापासून आत. शहापूरला परतायच्या वाटेवर एस.टी.तून उतरून मी अधूनमधून आईकडे जायचे. अशाच एका दुपारी दादा, म्हणजे माझा भाऊ, भिवंडीकडच्या गोडाऊनला कामाला गेलेला होता आणि घरात आम्ही दोघीच. आईने कणगीमागून डबा काढला. हात पदराला कोरडे पुसले, झाकण जरासं वर केलं, नाक लावलं आणि लगेच झाकण दाबलं. लोणच्याची बरणी उघडतात तशी. मग डबा माझ्यापुढे केला. मीही तसंच केलं. आत बा होता. मला एकदम रडू आलं आणि आईला बरं वाटलं, कारण आपल्याला भास होत नाही याची तिला खात्री पटली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू शाळंत शिकवते ना त्या वासाचा. उघडला का कमी व्हतो का?"

मी हो म्हटलं. दर वेळी थोडा बाहेर जातो.

"आन नाय उघडला तं?"

बंद डब्यात कण कुठे जाणार, भिंतींना आपटून परत कापडावर येतात, असं मी सांगितलं. त्या सगळ्या धड्यातली तेवढीच एक बातमी बरी होती. मला वाटलं तिला धीर येईल. आई डब्यावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊन काय उपेग?"

ठेवायचा तर घ्यायचा नाही आणि घ्यायचा तर ठेवता येत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि आईने एका वाक्यात मला तिथे आणून उभं केलं जिथे पुस्तक संपतं. डांबराच्या गोळ्या टाकू का, कापडाला कसर लागणार नाही, असं काहीतरी मी बोलले. तिने मान हलवली. गोळ्यांचा वास लागला असता. आणि ती गोळीही डब्यात पडल्या पडल्या झिजत झिजत नाहीशीच होते, मागे ओलही ठेवत नाही, हे तर मीच नववीला शिकवते.

त्यानंतर आईने वास कमी घ्यायची शिस्त लावून घेतली. रोज नाही. अमावास्येला, सणाला, बाची फारच आठवण झाली तर मध्येच. मी गेले की कधी डबा निघायचा, कधी नाही. निघाला तर ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. दिवाळीत वास होता. संक्रांतीला होता, पण शोधावा लागला. माघात मी झाकण उघडून जरा जास्त वेळ नाक आत ठेवलं तर तिने माझा हात बाजूला केला.

आणि मग ते दिवस आले. बा गेल्यानंतरचा पहिला चैत्र. एखादा ऋतू आठवतो असं म्हणतात, तसा मला हाच आठवतो. पळस फुलून गळून गेले होते, करवंदं अजून हिरवी होती, भातसानगरच्या रस्त्याला गरम डांबराचा वास येत होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी जिकडे तिकडे राबाचे धूर उभे होते. दादाने त्या वर्षी राब करायचा म्हणून केला. बाने वाफ्यावर पसरून ठेवलेला टहाळ त्याने तेव्हा उचलून पडवीत टाकला होता, तो वर्षभर तसाच पडून होता. तोच टहाळ पसरला. परीक्षेचे पेपर पिशवीत घेऊन मी शेणव्याला उतरले आणि पायवाटेने घराकडे निघाले, तर लांबून आमचा वाफा धुमसताना दिसला. धुराच्या ऐन वाटेत आई उभी होती. दोन्ही हात पुढे, आणि हातांवर कापड पसरलेलं, आंघोळ झालेल्या लेकरासाठी पंचा धरून उभं राहावं तसं. मला वाटलं काहीतरी वाळवते आहे. जवळ गेले तेव्हा सदरा ओळखला.

तिचं गणित सरळ होतं. सदऱ्याचा वास राबाचा, तो राबातून आला, आता संपत आला, तर राबातूनच परत भरून घ्यावा. तेच शेण, तोच ऐन, तोच वाफा, टहाळसुद्धा बाच्या हातचा. असा विचार शहरातल्या कुणाला सुचला नसता, कारण त्यांच्या माणसांना असला वास नसतो. दादा बांधावर फांदी घेऊन उभा होता आणि खाली बघत होता. शेजारची काकू मला बाजूला घेऊन म्हणाली, की आईला जप, ठीक दिसत नाही तिचं. मला मात्र त्या वेळी आई अगदी शहाणी वाटली. खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते. धडा तोंडपाठ असूनही.

धूर ओसरल्यावर ती बाहेर आली. डोळे लाल, केसांत राख. तिने सदरा नाकाला लावला. बराच वेळ लावून धरला, मग माझ्याकडे दिला. वास जोरकस होता, ताजा होता, कुठे काही चुकलेलं नव्हतं.

"राब हाय," आई म्हणाली. "निस्ता राब."

असा वास त्या दिवशी गावात प्रत्येकाच्या कपड्यांना होता. दादाच्या शर्टाला होता, काकूच्या लुगड्याला होता, माझ्या पेपरांच्या पिशवीलाही लागला होता. बा तेवढा कुठे नव्हता.

पुढचे कित्येक दिवस आईने डब्याचं झाकण उघडं ठेवलं. तिचा नवा हिशोब असा की वरून बसलेला धूर आधी निघून जाईल आणि खालचा जुना वास मोकळा होईल. मला तिने विचारलंही, की आधी कोण जातं, वरचा की आतला? मी खूप विचार केला. पुस्तकात कणांना रांग नसते. कुणी आधी आला म्हणून शेवटी जात नाही. मी म्हटलं, दोन्ही जातात, बरोबरच. तिने झाकण लावून टाकलं.

लोक धीर द्यायला एक गोष्ट सांगतात, आणि मी विज्ञान शिकवते म्हणून मला ती जरा जास्तच सांगतात. काही नष्ट होत नाही म्हणे. बा इथेच आहे, या हवेत, या मातीत, आपल्या श्वासात. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी मला हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी आभार मानले. कण नष्ट होत नाहीत हे खरंच आहे. पण पाण्यात साखर विरघळली की ती कुठे नाही असं होत नाही, सगळीकडे थोडी थोडी असते, आणि म्हणूनच चिमटीत कधीच येत नाही. पसरण्यावर आमच्या पुस्तकात चांगला सचित्र धडा आहे. आपोआप परत एका जागी गोळा होण्यावर नाही. पुढच्या इयत्तेच्या पुस्तकातही नाही, मी पाहिलं आहे. सगळीकडे असलेला बाप मला नको आहे. मला तो खुंटीजवळ हवा आहे.

आता आमच्याकडे राब होत नाही. रोपाच्या वाफ्यावर दादा खताचं पोतं रिकामं करतो आणि मोकळा होतो. टहाळ तोडायला माणूस मिळत नाही आणि खालच्या शेतांभोवती बंगलेवाल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. धूर झाला तर ते तक्रार करतात. यंदा वर्गात आलेला वास कुठल्या तरी लांबच्या वाडीवरचा होता. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेणव्याला उतरले. ठरवलं नव्हतं, उतरले.

आई आता थकली आहे. मधल्या तापाच्या साथीत तिचं नाक गेलं होतं, तोंडाची चव गेली होती. चव परत आली, पण नाकाचं काही खरं नाही. मागच्या महिन्यात चुलीवर डाळ करपून कोळसा झाली तरी तिला पत्ता नव्हता, असं दादाची बायको सांगत होती. मी ओटीवर टेकले. मुलीने वर्गात विचारलेला प्रश्न आईला सांगितला, गोठ्याचाही सांगितला, तर ती तोंडाला पदर लावून हसली. मग उठली आणि आतून डबा घेऊन आली. मधल्या वर्षांत तो माझ्यासमोर निघाला नव्हता. मला वाटलं होतं, तो विषय तिने संपवला.

तिने झाकण पूर्ण काढलं. सदरा बाहेर घेऊन माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ गो, येतो का?"

मी सदरा नाकाला लावला. कॉलर, मग काखा, मग खिसा. खिशाच्या शिवणीत, जिथे चुन्याची डबी असायची तिथे, डोळे मिटून. जुन्या कापडाचा वास होता. पत्र्याचा होता, थोडा गंजाचा. राबाचाही नव्हता आता. मी परत एकदा हुंगलं. येतो म्हणणं सोपं होतं. इतकं सोपं, की शब्द ओठांवर आलाच होता. पण आई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या नाकपुड्यांकडे बघत होती, आणि ज्या प्रश्नासाठी तिने मला शिकवलं सवरलं असं तिला वाटत असावं तो प्रश्न ती मला विचारत होती.

"नाय येत, आई."

तिने पदराने डब्याचं झाकण पुसलं, आतून, बाहेरून. मग म्हणाली, "मला वाटलं माझाच नाक मेला."

म्हणजे इतके दिवस ती त्या आशेवर होती. आपलं नाक गेलं आहे, बा आहे. आपल्याला येत नसला तरी डब्यात आहे, लेकीला येईल. तिने नाकावर पाणी सोडलं होतं आणि त्या बदल्यात बा शाबूत ठेवला होता. तो मी आत्ता घालवला. मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिच्या हातात झाकण होतं.

"मंग धू आता," ती म्हणाली.

मागच्या दारी धोंड्यावर मी सदरा धुतला. टँकरचं पाणी पिंपात होतं, त्यातलं अर्धी बादली घेतलं. साबण लावला नाही. पहिल्याच पिळ्याला पाणी चहासारखं झालं. म्हणजे काहीतरी होतं आत अजून, ज्याला वास नव्हता. दुसऱ्या पिळ्याला फिकट, तिसऱ्याला नितळ. ते पाणी मी अळवाच्या बुडाशी ओतलं.

चैत्रातलं ऊन. दोरीवर घातलेला सदरा उन्हं उतरायच्या आत खडखडीत वाळला. बऱ्याच वर्षांनी तो जवळजवळ पांढरा दिसत होता. मी निघायच्या आधी आईने तो दोरीवरून काढला, मांडीवर घेऊन नीट घडी घातली आणि रोजच्या कपड्यांत ठेवला. नाकाला लावला नाही.